सिंहाच्या माळ्यावरचा जोड

१

सिंहाचं लाकडी डोकं जळून कोळसा झालं होतं आणि उरले होते फक्त दात. पितळेचे, वर सोन्याचं पाणी दिलेले, मोजून बावीस. गावप्रमुख मिनोवा यांनी ते धुऊन-पुसून रुमालात बांधून ठेवले होते. किकुए नागुमो दारात उभी राहिली तशी त्यांनी या-बसा बाजूला ठेवून रुमालच सोडला.

"दोनशे दहा वर्षं," ते म्हणाले. "दोन भूकंप पचवले, एक महापूर पचवला. आणि मंगळवारी भरदुपारी असा गेला, की पाण्याचा पाइप वर नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं."

किकुएने मान खाली लववली आणि रुमाल पुन्हा बांधून दिला. लहानपणी याच सिंहाने तिचं डोकं चावलं होतं. पोराचं डोकं सिंहाच्या जबड्यात दिलं की वर्षभर ताप येत नाही म्हणतात, आणि तिला खरोखरच आला नव्हता.

कामिओगी गावात सणाचा सिंह, म्हणजे मिरवणुकीत नाचवायचा मुखवटा, देवळात राहत नाही, मानाच्या घराच्या माळ्यावर राहतो. ते घर अकरा वर्षं ओस पडलं होतं. तीन वर्षांपूर्वी ओसाकाहून आलेल्या हिसायो कुवाबाराला गावाने ते फुकट राहायला दिलं. अट एकच होती, की घराचं काहीही करा पण सिंह माळ्यावरून हलणार नाही. बाईने जमीन स्वतः बसवली, भिंती स्वतः लिंपल्या, आणि विजेचा परवाना काढायची परीक्षा देऊन सगळं वायरिंगही स्वतःच्या हाताने केलं. आता आग लागली ती माळ्यावर, आणि अग्निशामकवाल्यांनी कागदावर एवढंच लिहिलं, "कारण बहुधा विजेचं."

"रविवारी सभा आहे," मिनोवा म्हणाले. "तिच्या वायरिंगने आग लागली असेल तर तिने घर सोडायचं, असं जवळजवळ ठरलंय."

"जवळजवळ ठरलंय, तर मला कशाला बोलावलंत?"

"त्या 'जवळजवळ'पायी माझी झोप उडालीय, नागुमोसान. एकदा बाई गेली आणि मग कळलं की दोष तिचा नव्हता, तर कुठल्या तोंडाने हाक मारायची?"

किकुए चौसष्ट वर्षांची. एकतीस वर्षं तिने या खोऱ्यातल्या घराघरांतलं वायरिंग तपासलं. दर चार वर्षांनी ती दारात उभी राहायची, म्हणून पोरांनी तिचं नाव 'तपासणीबाई' ठेवलं होतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी नाव काही निवृत्त झालं नव्हतं.

मानाच्या घराच्या पायरीवर हिसायो बसली होती. बेचाळिशीची, दंडाला भाजल्याची पट्टी. तिने उठून कमरेत वाकून नमस्कार केला आणि सरळ विचारलं, "माझ्या हातून झालं असेल, तर मला तसं सांगाल ना? घर राहो की जावो. मी जिथे जाईन तिथे पुन्हा वायरला हात लावायचा की नाही, ते मला कळायला हवं."

२

माळा अर्धा जळला होता आणि अर्धा जसाच्या तसा होता. किकुए शिडीच्या शेवटच्या पायरीवर पोचली, बॅटरी वर केली, आणि तशीच थांबली.

न जळलेल्या अर्ध्या भागात जुनं वायरिंग होतं, आता बंद केलेलं, पण काढून न टाकलेलं. चिनीमातीच्या पांढऱ्या खुंट्या तुळईवरून एका रेषेत गेल्या होत्या, दोन खुंट्यांतलं अंतर कुठेही बोटभर चुकलं नव्हतं. जिथे तारेला तार मिळत होती तिथे आठ वेढ्यांचा पीळ, पिळावर कथिलाचा डाग, वर कापडी पट्टी. एका जोडाची पट्टी वाळून गळून पडली होती. आत कथील चांदीसारखं चमकत होतं. साठ वर्षं झाली होती. किकुएने दोन्ही हातांनी ती तार ओढली, आणि तुळईवरची धूळ हलली, जोड हलला नाही.

हे काम तोकुझो मास्तरांचं, गावातल्या जुन्या वायरमनचं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिने अशाच एका छतात डोकं घातलं होतं आणि खाली उतरून विचारलं होतं, हे कुणी केलं? त्या दिवशी मास्तरांनी तिला दोन तास बसवून जोड म्हणजे काय ते शिकवलं. बाकी सगळं पुस्तकातून आलं, पण जोड ओढून बघायची सवय त्यांच्याकडून आली.

"मलाही ते काढवेना," खालून हिसायो म्हणाली. "वीज नव्या लाइनवर घेतली, पण जुनं तसंच ठेवलं. असं काम कोण काढून टाकणार?"

"तुझे जोड किती?"

"सेहेचाळीस. प्रत्येकाचा फोटो आहे. वहीत नंबरही आहेत."

हिसायोची पद्धत आजची. तारांची सोललेली टोकं एका तांब्याच्या कड्यात घालायची आणि पिवळ्या मुठीच्या पक्कडीने कडं दाबायचं. पक्कड अशी, की पुरती दाबल्याशिवाय तिचा जबडा उघडतच नाही, आणि उघडताना कड्यावर ठसा सोडते. दोन बारीक तारांना एक ठसा, तीन-चारांना दुसरा. चुकीच्या खाचेत दाबलं तर ठसाच चुगली करतो. कडं आगीत वितळत नाही, त्यामुळे ठसाही पुसला जात नाही.

दुपार होईपर्यंत किकुए राखेत गुडघे टेकून होती. चाळणीतून राख चाळायची, कडं सापडलं की टूथब्रशने घासायचं, भिंग लावून बघायचं, वहीतला नंबर मिळवायचा. आगीत सापडलेली कडी नऊ होती. नवांवर नऊ ठसे बरोबर होते. उरलेली सदतीस तिने घरभर फिरून उघडली. तीही बरोबर निघाली. एकतीस वर्षांत तिने परवानाधारक ठेकेदारांची कामं पाहिली होती, त्यांत दहात एक तरी ठसा चुकलेला असायचा. या बाईने मजूर नाही, मिस्त्री नाही, वहीत नंबर घालून सेहेचाळीसच्या सेहेचाळीस बरोबर दाबले होते.

"तुझ्या कड्यांनी आग लावलेली नाही," ती म्हणाली.

हिसायोचे खांदे खाली आले. तोंडावर ओंजळ धरून ती खाली बसली.

"थांब. अजून तू सुटली नाहीस," किकुए म्हणाली आणि चाळणीच्या कोपऱ्यातली एक वस्तू तिने चिमट्याने उचलली. तांदळाच्या दाण्याएवढी पोलादी पट्टी, एका टोकाला वाकवलेली. "वीज या माळ्यावर तुझ्याच लाइनने येत होती. आणि हे तुझ्या वहीत नाही."

३

इगाराशीच्या दुकानात भात शिजवायच्या भांड्यापासून कुत्र्याच्या पट्ट्यापर्यंत सगळं मिळतं. पोलादी पट्टी बघायला त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"ही? ही खोचायच्या डबीतली स्प्रिंग." त्याने काउंटरखालून बोटाच्या पेराएवढी पारदर्शक डबी काढली. "तार सोलायची, भोकात खोचायची, संपलं. आतली स्प्रिंग तिला धरते. मागच्या बाजूने तांबं दिसलं म्हणजे पुरती आत गेली. पीळ नको, पक्कड नको. आता आजीबाईसुद्धा इलेक्ट्रिशियन!"

"भरवशाची?"

"सांगितल्यासारखी वापरली तर हत्ती टांगा. पण तपासणीबाई, माझ्याकडे असं बघू नका. मी डब्या विकतो, आग विकत नाही."

"हिसायोने नेल्या होत्या?"

"ती? ती कड्यांशिवाय कशाला हात लावत नाही. तिला दाखवली तर म्हणाली, डोळ्याला ठसा दिसल्याशिवाय मला झोप लागत नाही." इगाराशी हसला, मग जरा विचारात पडला. "पण वाटल्या मी बऱ्याच. ऑगस्टमध्ये ज्येष्ठांच्या मंडळात नमुना म्हणून चार-चार सुट्या दिल्या. मिनोवांनी घेतल्या, चहाच्या मळ्यातल्या दोघा भावांनी घेतल्या, तोकुझो मास्तरांनीही घेतल्या."

"मास्तरांनी?"

"घेतल्या कसल्या, चारचौघांत माझी हजेरी घेतली! म्हणे, 'हे काय खेळणं आहे? ज्या जोडाला विस्तव लागला नाही तो जोडच नव्हे.' सगळे पोट धरून हसले."

किकुएने डबी उजेडात धरली. अर्ध्या चमचाभर प्लास्टिकमध्ये कुणीतरी एवढी अक्कल भरली होती, की पीळ, कथील आणि पट्टी तिघांचं काम एका बोटाच्या ढकलण्यात व्हावं. तिने एक तार खोचली आणि ओढली. तार जागची हलली नाही. तिला मनापासून कौतुक वाटलं, आणि त्या कौतुकाचा जरा रागही आला.

"सुट्या दिल्यास म्हणजे पाकिटाशिवाय?"

"हो. का?"

किकुएने काउंटरवरचं डब्यांचं पाकीट उलटं केलं. मागे बारीक अक्षरात एक ओळ होती: फक्त एकसंध तारेसाठी. केसाळ, बहुतारी वायर घालू नये.

इगाराशीने ती ओळ दोनदा वाचली. त्याचा चष्मा नाकावरून घसरला तो त्याने सावरलासुद्धा नाही.

४

तोकुझो मास्तरांचं वय चौऱ्याऐंशी. हातांना कंप नाही, जिभेला लगाम नाही. किकुएला बघून त्यांनी स्वतः चहा केला, मुळ्याचं लोणचं पुढे सरकवलं आणि ती बसायच्या आधीच सुरू झाले.

"मी सांगत होतो मिनोवाला! पुस्तक वाचून वायरिंग होत नसतं. पक्कडीने दाबलं की झालं? दोन माणसं एकमेकांना दाबून उभी केली म्हणून नवरा-बायको होतात का? तार तारेत विरघळायला पाहिजे, किकुए. कथील विरघळतं तेव्हा दोन तारांची एक होते."

"मास्तर, मी माळ्यावरचं तुमचं काम पाहिलं. अजून चमकतंय."

 म्हातारा हळूच म्हणाला, "राहिलंय का? मला वाटलं तिने ओरबाडून काढलं असेल."

"तिला काढवलं नाही म्हणे."

मास्तरांनी लोणच्याची फोड उचलली आणि तशीच परत ठेवली. सिंहाची राखण त्यांच्या घराण्याकडे, आजोबांपासून. दर महिन्याच्या एक आणि पंधरा तारखेला ते मागच्या दाराने त्या घरात जायचे, सिंहापुढे साकेची, तांदळाच्या दारूची, वाटी ठेवायचे, जबडा पुसायचे आणि परत यायचे. घर ओस होतं तेव्हाही जायचे, हिसायो आली तेव्हाही जात राहिले. ते सिंहाकडे जात, घराकडे नाही, त्यामुळे त्यांच्या येण्याजाण्याची मोजदाद कुणी केलीच नव्हती.

"शेवटचं कधी पाहिलंत त्याला?"

"एक तारखेला." त्यांचे डोळे भरले. "काय देखणा दिसत होता. सप्टेंबरात जबड्याला बुरशी धरली होती. मला वाटलं, या सणाला लाकडावरची लाख सुटणार. पण एक तारखेला जबडा स्वच्छ, आयाळीचे केस कसे कोरडे, भुरभुरीत, उन्हात वाळवल्यासारखे. मी हात फिरवत बसलो होतो. वाटलं, देव खूश आहे."

ते खरंच रडत होते. किकुएने नजर चहात घातली, निरोप घेतला आणि उतारावरून चालू लागली. मिनोवांच्या अंगणापाशी तिची पावलं थांबली. पडवीत सणाचा मोठा ढोल उलटा घातला होता आणि मिनोवांची बायको त्याच्या कातड्यापुढे कोळशाची शेगडी धरून बसली होती.

"काय करणार," ती म्हणाली. "सप्टेंबरच्या दहापासून सलग तीन आठवडे पाऊस. ढोल वाजवला तर उशी बडवल्यासारखा आवाज येतो. गावात कोरडी वस्तू म्हणून राहिली नाही बघा."

किकुए तिथेच पाण्याच्या दगडी कुंडावर बसली. गावात कोरडी वस्तू राहिली नव्हती, आणि सिंहाची आयाळ भुरभुरीत होती.

५

शुक्रवारी सकाळी तिने सिंहाच्या पेटीखालची राख पुन्हा चाळली. आदल्या दिवशी ती कडी शोधत होती, म्हणून कडीच सापडली होती. या वेळी हातभर लांबीची एक धातूची नळी मिळाली, आत जळकी गुंडाळी. कपाटातला ओलावा घालवायला लोक ठेवतात तसला कांडीसारखा हीटर.

"माझा नाही," हिसायो म्हणाली. "आणि माळ्यावर प्लग लावायला जागाच नाही. पुढेमागे दिवा लावीन म्हणून लाइनचं एक टोक मात्र मी सोडून ठेवलं होतं, पट्टी गुंडाळून, सिंहाच्या पेटीपाशी."

म्हणजे कुणीतरी ती पट्टी सोडवली होती. हीटरच्या वायरीचा प्लग कापला होता, आणि खोचायच्या डबीने ती वायर हिसायोच्या टोकाला जोडली होती. हीटरची वायर केसाळ होती, वीस-पंचवीस बारीक तारांची. असल्या मऊ तारा स्प्रिंगमध्ये खोचल्या तर दुमडतात, आत जातच नाहीत. मग या कशा गेल्या?

तिने पोलादी पट्टी पुन्हा काढली. तिला चिकटून तांब्याचा एक चपटा तुकडा होता, आणि दोहोंच्या मध्ये मोहरीएवढा राखाडी मणी. कालपर्यंत तिला तो काजळीचा गोळा वाटला होता. तिने ब्रश फिरवला. मणी चमकला. भिंगाखाली त्याच्यात केसाएवढ्या तारांची टोकं रुतलेली दिसली, सगळी एकाच दिशेला, जणू फणीने विंचरून बसवलेली.

कथील होतं ते.

"जुन्या वायरिंगचं वितळून पडलं असेल," हिसायो म्हणाली. ती हुशार होती, आणि तिलाही हे नको असावं.

"जुन्याचे थेंब तुळईखाली सरळ रेषेत पडलेत, ते मी पाहिले. आणि जुन्यात बारीक तारा नाहीतच. हे कथील आधी तारांना लावलं, मऊ तारांची एक ताठ काडी केली, आणि मग ती डबीत खोचली." किकुएचा आवाज खाली गेला. "आज कुणाच्या घरी कथील लावायची इस्त्री आहे? इगाराशी म्हणाला, शेवटची इस्त्री विकून आठ वर्षं झाली."

खाली कुणीतरी अंगणातली पानं झाडत होतं.

"पण कथिलाचा जोड तर सुटत नाही," हिसायो म्हणाली. "तुम्हीच काल हिसका देऊन बघितला."

"तेच तर मला कळायचं आहे," किकुए म्हणाली. "इगाराशीकडून डब्या आण. आणि तसलाच एक हीटर."

६

शनिवारी दुपारी ती मास्तरांच्या घरी गेली ती पिशवी घेऊन. पिशवीतून तिने दोन डब्या काढून चटईवर ठेवल्या. एकीत साधी एकसंध तार खोचलेली, दुसरीत कथील लावून ताठ केलेली केसाळ वायर. दोन्हींतून तिने दीड दिवस हीटर चालवला होता, मधूनमधून बंद करून, पुन्हा लावून.

"ओढा," ती म्हणाली.

मास्तरांनी पहिली ओढली. मग दात-ओठ खाऊन ओढली. तार निघाली नाही. त्यांच्या भुवया वर गेल्या. "बरीच धरते की ही डबी."

"आता दुसरी."

त्यांनी दुसरी दोन बोटांत धरली आणि ओढायच्या आधीच ती थोडी हलली. जरा जोर दिला तशी ती निघून हातात आली. टोक तापून काळवंडलं होतं.

"कथील धातू असलं तरी मऊ," किकुए म्हणाली. तिने भिंग त्यांच्या हातात दिलं. "तुमच्या जोडात त्याला दाबणारं काही नसतं. पीळ भार उचलतो, कथील फक्त मधली फट भरतं. म्हणून साठ वर्षं टिकतं. इथे स्प्रिंग त्याच्यावर रात्रंदिवस दात रोवून बसते. वायर गरम होते, कथील दबतं. गार होते, जागा सैल पडते. पुन्हा गरम. सैल झालं की वीज जास्त वाहत नाही, म्हणून घराचं मुख्य बटण आपोआप पडत नाही. जोड मात्र आतल्या आत तापत राहतो. मग प्लास्टिक पेटतं, मग आयाळ."

मास्तर भिंगातून बघत होते. कथिलात स्प्रिंगने ओढलेली चरी स्पष्ट होती, कडेला कथील वळ धरल्यासारखं सरकलेलं.

"मला सांगायचं नव्हतं तुम्हाला," किकुए म्हणाली. "पण नाही सांगितलं तर हिसायोला घर सोडावं लागेल."

म्हातारा बोलला तो भिंग न काढताच.

"सप्टेंबरच्या पंधराला गेलो तेव्हा त्याच्या जबड्यावर बुरशी होती. हीटर नेला. जोड नेहमीसारखा करणार होतो, पीळ देऊन, डाग देऊन. इस्त्री पिशवीत होती. पण दोनशे वर्षांची लाख, केसांची आयाळ, खाली पेंढा. म्हटलं, तिथे तापलेली इस्त्री नको. एक ठिणगी उडाली तर? म्हणून परत आलो, घरीच तारांना कथील लावलं, आणि इगाराशीचं ते खेळणं घेऊन गेलो. आगीच्या भीतीने, किकुए. आगीच्या भीतीने मी ते वापरलं."

"मग मला परवा का नाही सांगितलंत?"

"मी त्या खेळण्याला गावभर हसलो होतो. आणि तेच सिंहाच्या उशाशी लावून आलो, हे कसं सांगू?" त्यांनी भिंग खाली ठेवलं. "आणि खरं सांगू? माझ्या मनात आलंच नाही की जोड सुटला असेल. मी कथील लावलं होतं ना. जे कथिलाने धरलं ते कधी सुटलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला तिच्याच पक्कडीचा संशय होता, अगदी मनापासून."

किकुएने पिशवीतून शेवटची वस्तू काढली. हिसायोच्या सेहेचाळिसांतलं एक कडं, करवतीने आडवं कापून, कापलेली बाजू घासून गुळगुळीत केलेलं. मास्तरांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. गोल कड्याच्या आत दोन तारा होत्या, पण त्या गोल राहिल्या नव्हत्या. एकमेकींत आणि कड्यात अशा चेपून बसल्या होत्या, की कुठे तार संपते आणि कुठे कडं सुरू होतं ते शोधावं लागत होतं. फट म्हणून नव्हती.

"याला विस्तव लावला नाही?"

"नाही."

"नुसत्या हाताने?"

"नुसत्या हाताने. तिच्या."

चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाने ते कडं खिडकीपाशी नेलं, उजेडात फिरवलं, नखाने चाचपलं, पुन्हा भिंग लावलं. पोरासारखं तोंड उघडं राहिलं होतं त्यांचं. "विरघळल्यात," ते स्वतःशीच म्हणाले. "विस्तवाशिवाय विरघळल्यात. आणि मी काय काय बोललो तिला."

७

रविवारी सभागृहात चाळीसेक माणसं होती. मिनोवांनी घसा साफ केला, किकुएकडे बघितलं, आणि ती उठायच्या आत तोकुझो मास्तर उठले.

त्यांनी काही लपवलं नाही. बुरशी, हीटर, कथील, डबी, सगळं क्रमाने सांगितलं, कुणाला जोड कसा द्यायचा ते शिकवावं तसं. पाकिटाची गोष्ट मात्र त्यांनी वगळली. ती इगाराशीने मागून उठून, लालबुंद होऊन, स्वतः सांगितली. ज्याच्या हातून गावभर दिवे लागले त्याच्या हातून सिंह जळला, हे समजायला लोकांना वेळ लागत होता.

मग चहाच्या मळ्यातला थोरला भाऊ चाचरत म्हणाला, "पण... नियम तर आपण आधीच बोललो होतो. ज्याच्या हातून आग लागली, तो मानाच्या घराशी संबंध ठेवणार नाही. एकीला एक आणि दुसऱ्याला एक, असं कसं चालेल?"

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "राखणदारी मी सोडतो. त्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही." असं म्हणून ते हिसायोकडे वळले, गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी कपाळ चटईला टेकवलं. या माणसाला कुणापुढे एवढं वाकलेलं गावाने कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी नजर वळवली.

हिसायो घाईने उठली, त्यांच्यासमोर तशीच गुडघे टेकून बसली.

"मला माळा पुन्हा बांधायचा आहे. नवा सिंह येईल तेव्हा त्याला जागा लागेल. वायरिंग मी करीन." ती थांबली. "पण माझे जोड मीच तपासायचे, हे आता मला नको. तीन वर्षं मी एकटीने तपासतेय, रात्री उठून वही बघतेय. तुमचे जोडही साठ वर्षं कुणी ओढून बघितले नाहीत, मास्तर. तुमचं नाव ऐकूनच सगळे गप्प बसले. मी दाबलेलं कडं तुम्ही ओढा. तुम्ही काही जोडलंत तर ते मी ओढीन. तुम्ही आला नाहीत, तर मीही त्या घरात राहणार नाही."

मास्तरांनी मान वर केली.

"माझ्यात जोर राहिलेला नाही गं पोरी."

"असेल तेवढा लावा."

ते तिच्या भाजलेल्या दंडाकडे, मग तिच्या हातांकडे बघत राहिले. बोटांच्या पेरांवर पक्कडीचे घट्टे होते, त्यांच्या स्वतःच्या बोटांवर असतात तसेच. त्यांनी तिचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि ते मोठ्याने रडू लागले. मिनोवांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला, आणि बायका चहा आणायला उठल्या. हिसायो कुवाबाराने त्या घरात राहायचं की नाही, यावर मत घ्यायचं त्या दिवशी राहूनच गेलं, आणि पुढेही कुणी त्याची आठवण काढली नाही.